बोताचा भाव

टेमघरला तुम्ही भिवंडी-कल्याण रस्त्याच्या कडेला उभे आहात. समोरून गोदामांकडे निघालेले कंटेनर, मागच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट. माशाची आठवण यावी असं इथे काहीच दिसत नाही. तरीही सुरुवात इथूनच करायची आहे, कारण टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात जे काम रोज चालतं, तेच काम करायला एकेकाळी आपल्या समुद्रातल्या माशांच्या पोटातली पिशवी हजारो मैल दूर जात होती.

शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेलं पाणी या केंद्रात येतं. गढूळ पाण्यात तुरटीसारखं रसायन मिसळतं. मातीचे इतके बारीक कण, की आपणहून ते कधी खाली बसणार नाहीत, ते एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळ गाठतात. वर निवळलेलं पाणी राहतं. हे निवळणं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता चला. राजनोली नाका ओलांडा, कोनगाव मागे टाका आणि दुर्गाडीच्या पुलावर थांबा. खाली कल्याणची खाडी. भरती चढते आहे, पाणी काळपट आहे, त्यावर प्लास्टिक तरंगतं आहे. कठडा घट्ट धरा आणि मागे जा.

सन १६५८. हातातला कठडा गेला, कारण पूलच नाही. तुम्ही एका छोट्या होडीत बसला आहात आणि काठावर सागाच्या ओंडक्यांचा ढीग आहे. मागच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आता या खाडीच्या काठांवर जहाजं उभी राहताहेत. खाडीच्या मुखाशी वसईला पोर्तुगीज बसले आहेत, आणि वर नदीत चाललेल्या या सुतारकामाची त्यांना धास्ती आहे. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या कागदपत्रांत ती दिसते. इतिहासाच्या पुस्तकांनी ती जहाजं नोंदवली. त्या जहाजांखालचं पाणी मात्र कुणी नोंदवलं नाही, म्हणून जरा वाकून पाहा. काठाला तिवरांची दाट रांग आहे. मुळांमध्ये चिंबोऱ्या आणि निवट्या, प्रवाहात बोय, कोळंबी, शिंगाळा, आणि भरतीबरोबर आत येणारा जिताडा. समुद्रातल्या मोठ्या माशांची पिल्लं वाढतात ती अशाच पाण्यात.

वल्हं मारणाऱ्याला थांबायची खूण करा. होडीच्या तळाला कान लावा. सुरुवातीला फक्त पाण्याचा चुळचुळाट. मग खालून एक घुमणारा, तुटक आवाज, जणू कुणी पाण्याखाली ढोलकीवर बोटं फिरवतंय. ही ढोमी असेल, किंवा तिच्याच कुळातला एखादा मोठा मासा. ढोमी, कोथ आणि घोळ ही सगळी एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या पोटात पाठीच्या कण्याखाली वायूने भरलेली एक लांबट पिशवी असते. मासा पाण्यात वरही फेकला जात नाही आणि बुडतही नाही, तो या पिशवीमुळे. या कुळाने मात्र तिला दुसरंही काम दिलं आहे. पिशवीच्या दोन्ही अंगांचे स्नायू झपाट्याने थरथरतात, पिशवी तो थरथराट मोठा करते आणि गढूळ पाण्यात, जिथे डोळ्याला काही दिसत नाही, तिथे नर मादीला बोलावतो. लाकडी होडीच्या तळातून हा आवाज ऐकून मासा शोधण्याची रीत आशियातल्या अनेक किनाऱ्यांवर होती. माशाच्या प्रणयाचा आवाजच त्याचा ठावठिकाणा सांगतो. या साऱ्या गोष्टीतलं मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं सत्य हे आहे.

आपल्या किनाऱ्यावर या पिशवीला बोत म्हणतात.

काठावर एक बाई मासा कापते आहे. जिताडा आहे, हातभर लांब. बोत तिने वेगळा काढलेला नाही. तुकड्यांबरोबर तोही मडक्यात पडेल आणि रश्शात विरघळेल. तिच्यासाठी माशाचा भाव म्हणजे मांसाचा भाव. हे चित्र नीट पाहून घ्या, कारण पुढे गेल्यावर ते दिसणार नाही.

सन १८५४, मे महिना. कल्याणपर्यंत रेल्वे आताच आली आहे. पहिल्या आठवड्यातल्या गर्दीत तुम्ही तिसऱ्या वर्गात कोंबले गेला आहात. ठाण्याची खाडी ओलांडून गाडी बोरीबंदरला येते. तिथून बंदराकडे चालत निघा. कापसाचे गठ्ठे, अफूच्या पेट्या, आणि नाकाला झोंबणारा एक वास. वासाच्या दिशेने गेलात तर एका कोपऱ्यात गोणपाटात बांधलेला माल दिसेल: मुशीचे वाळवलेले पर आणि शेजारी पिवळसर, कडक, अर्धपारदर्शक पापुद्रे. एक उचलून उजेडात धरा. मधासारखा रंग, आत बारीक शिरांची जाळी. हा वाळवलेला बोत. चीनला निघालेल्या जहाजांवर कापूस आणि अफूच्या जोडीने हा किरकोळ मालही चढतो.

चीनमध्ये त्याचं काय होतं, ते कँटनच्या एखाद्या श्रीमंत घराच्या स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय कळणार नाही. कडक पापुद्रा रात्रभर पाण्यात भिजतो, फुगतो, मऊ होतो, मग कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांच्या रसात तासन्‌तास शिजतो. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. दाताखाली लागणारा बुळबुळीत, लवचिक पोत हीच त्याची किंमत. बाळंतिणीला द्यायचा, लग्नाच्या पंगतीत वाढायचा, वडीलधाऱ्यांना भेट म्हणून न्यायचा. अबलोन नावाची समुद्री गोगलगाय, समुद्रकाकडी, मुशीचे पर आणि बोत हे चार पदार्थ चिनी मेजवानीत समुद्राचे मानकरी मानले जातात. माल जितका मोठा, जाड आणि जुना, तितका मान मोठा. काही घरांत तो पिढीजात दागिन्यासारखा जपून ठेवतात.

आता थोडं मागे आणि पश्चिमेला, १८४२ च्या लंडनमध्ये. जॉन फोर्ब्स रॉयल नावाचा डॉक्टर टेबलाशी बसला आहे. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानात त्याने उमेदीची वर्षं काढली. आता तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर तयार होणाऱ्या बोताबद्दल एक पुस्तिका छापतो आहे. तीन वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या मॅक्लेलंडने गंगेच्या मुखाशी सापडणाऱ्या, आपल्या रावस-दाढ्याच्या भाऊबंद माशाच्या बोताबद्दल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं होतं. या विद्वान मंडळींना माशाच्या पोटातल्या पिशवीत इतका रस का, हे समजायला तुम्हाला लंडनच्या दारूभट्टीत जावं लागेल. मोठ्या लाकडी पिंपात ताजी बियर आहे, यीस्टने गढूळ. भट्टीवाला आंबट पाण्यात विरघळवलेला बोत त्यात ओततो. बोत म्हणजे जवळजवळ शुद्ध कोलॅजन. त्याच्या अंगावर धन विद्युतभार असतो, यीस्टच्या अंगावर ऋण. दोघे एकमेकांना धरतात, जड होतात, तळाशी बसतात. वर निवळलेली बियर राहते.

टेमघरच्या टाकीत तुम्ही पाहिलं, तेच हे.

इंग्लंडला हा माल रशियातून येई, कॅस्पियन समुद्रातल्या आणि व्होल्गा नदीतल्या स्टर्जन माशाच्या पोटातून, आणि तो फार महाग पडे. रॉयलला वाटत होतं की हिंदुस्थानी माल नीट धुऊन, सोलून, पातळ करून पाठवला तर तो रशियन मालाच्या तोडीला उतरेल. साम्राज्याने आपल्या समुद्राकडे पाहिलं ते असं: पोटातली कोणती वस्तू कुठल्या पिंपात कामाला येईल. बियर निवळायची ही पद्धत फार काळ टिकली. गिनेससारख्या जुन्या भट्टीने ती २०१० च्या दशकात सोडली. चीनची मागणी मात्र थांबली नाही.

पुढे या. १९७० चं दशक, पहाटेचे साडेचार, ससून डॉक. १८७५ मध्ये उघडलेली ही गोदी या वेळेला दिव्यांनी उजळलेली असते. चिखल, बर्फाचा चुरा, डिझेल. डिझेल हा इथे नवा वास आहे. शिडाच्या होड्यांना गेल्या वीसेक वर्षांत इंजिनं लागली, सुती आणि सणाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, आणि ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडू लागले. टोपली घेऊन धावणाऱ्या बाईला वाट द्या आणि त्या ओट्याशी उभे राहा. एक मोठी घोळ आडवी पडली आहे. पाठ रुपेरी-तपकिरी, अंगावर काळसर ठिपके, लांबी तुमच्या छातीपर्यंत येईल. हा मासा दीड मीटरपर्यंत वाढतो. कापणारा सुरी पोटात खोल घालत नाही. वरवर चीर देतो, दोन बोटं आत सरकवतो आणि कण्याला चिकटलेली पिशवी हलक्या हाताने सोडवतो.

“फाडू नको रे,” मागून कुणीतरी सांगतं. फाटला तर भाव पडतो.

पिशवी बाहेर येते. गाजरासारखी निमुळती, आणि दोन्ही अंगांना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले, एकेका बाजूला पंधरा-वीस. या फाट्यांवरूनच घोळीचा बोत जाणकार ओळखतात. नराचा बोत जाड, त्याला भाव जास्त. रक्त आणि वरचा पडदा धुऊन काढायचा, उभा चिरून सपाट करायचा आणि उन्हात वाळत घालायचा. कोथ, दाढा, वाम, शिंगाळा यांचेही बोत निघतात आणि विकले जातात, पण घोळीचा मान पहिला. मुंबईच्या घरात घोळीचं मांस आवडीने खातात. पांढरी, घट्ट, काटा कमी असलेली तुकडी, तव्यावर कुरकुरीत तळलेली. ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. पण या ओट्यावर बोत वेगळा होतो, वेगळ्या माणसाच्या हातात जातो, वेगळ्या भावाने. इथून पुढे घोळ म्हणजे एका पिशवीभोवतीचं मांस.

या वाटेचा शेवट कुठे होतो ते पाहायला एकदा प्रशांत महासागराच्या काठी जाऊन या. मेक्सिकोचं कॅलिफोर्नियाचं आखात, सन १९४२. तिथे टोटोआबा नावाचा मासा आहे, घोळीच्याच कुळातला, त्याहून मोठा. त्या वर्षी त्याची पकड २ हजार टनांच्या वर गेली. १९७५ मध्ये पुन्हा या: पकड ६० टनांच्याही खाली. त्याच वर्षी मेक्सिकोने मासेमारी बंद केली. पण तोवर चीनच्या किनाऱ्यावरचा बहाबा, बोतासाठी सर्वांत जास्त मान असलेला मासा, जवळजवळ संपत आला होता, आणि त्याच्या जागी व्यापाऱ्यांना टोटोआबा हवा होता. चोरून जाळी पडत राहिली. त्या जाळ्यांत व्हाकिटा अडकून मेल्या. जगातली ही सर्वांत छोटी डॉल्फिनसदृश जात फक्त त्याच आखातात राहते. आज त्या दहाच्या आसपास उरल्या आहेत. ज्या माशाचं जाळं होतं तो मासा वेगळा, मेला दुसराच जीव.

आता आपल्या किनाऱ्यावर या. २८ ऑगस्ट २०२१, पालघर जिल्हा. सहा दिवसांपूर्वी नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ देऊन मुरबे गावची एक नाव निघाली आहे आणि तुम्ही तिच्यावर आहात. वाढवणच्या समोर, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस सागरी मैलांवर जाळं टाकलं जातं. ओढायला सुरुवात होते आणि हातांना कळतं की आज काहीतरी वेगळं आहे. जाळं जड, आणि वर येणारा एकही मासा छोटा नाही. घोळ. आणखी एक. आणखी. नावेवर आधी आरडाओरडा, मग कुणी मोजायला लागतं. १५७ घोळी.

लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाल्याच्या बातम्या देशभर छापल्या गेल्या. उत्तर प्रदेश आणि बिहारच्या व्यापाऱ्यांनी माल घेतला. भागाकार करा: एका माशामागे सरासरी ८५ हजार रुपयांच्या जवळपास. मांसाला कुठलाही बाजार हा भाव देत नाही. हा बोताचा भाव आहे. त्या नावेवरच्या माणसांना आनंद झाला, तो अगदी रास्त होता. आदल्या वर्षीपासून टाळेबंदी, मे महिन्यात तौक्ते वादळ, डिझेलचे भाव आणि रिकामी परतणारी नाव हे सगळं त्यांनी सोसलं होतं. त्यांच्या वाट्याला आलेल्या या पैशाबद्दल हळहळावं असं त्यात काही नाही.

पण नावेच्या कडेला उभं राहून एक प्रश्न विचारा. १५७ मोठ्या घोळी एकाच जाळ्यात कशा आल्या? घोळ थव्याने जमते. विणीच्या काळात प्रौढ मासे ठरावीक जागी गोळा होतात, घुमतात, अंडी घालतात. कान लावणाऱ्याला जे ऐकू यायचं, ते आता प्रतिध्वनीने मासा शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसतं. असा थवा एकदा हाती लागला की पूर्ण हाती लागतो, आणि त्यात एका पिढीचे आईबाप असतात. लेखांतून घोळीला ‘समुद्रातलं सोनं’ म्हणतात. सोनं खाणीत पडून राहतं. घोळीला पुन्हा जन्मावं लागतं, आणि तिला वाढून मोठं व्हायला वर्षं लागतात. माझ्या मते बोताचा चढता भाव ही सुबत्तेची बातमी नाही. मासा कमी झाला म्हणून भाव चढला, आणि भाव चढला म्हणून उरलेला मासा आणखी कमी होणार.

यावर उपाय कुणी केला आहे का, हे पाहायला एक उडी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कला घ्या. तिथल्या खाडीतही हाच मासा आहे, हीच जात, आपलीच घोळ. १९९० च्या दशकात तिथल्या आदिवासी गावांना दिसलं की थव्यात मोठे मासे सापडत नाहीत, नुसती पोरं लागतात. इंजिनू आणि शेजारच्या वस्त्यांनी एकत्र बसून दोन वर्षं हा मासा धरायचाच नाही असं ठरवलं, आणि ते पाळलं. सरकारचा हुकूम यायची वाट त्यांनी पाहिली नाही. पुढे बोताचे भाव कडाडले तेव्हा, २०१९ मध्ये, क्वीन्सलँड सरकारने पूर्व किनाऱ्यासाठी वर्षाला २० टनांची मर्यादा घातली.

आपल्या कोळीवाड्यांना हे परकं नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत नाव पाण्यात घालायची नाही, हा नियम कायद्याच्या किती तरी आधी गावकीने पाळला होता. डोल जाळं समुद्रात कुठल्या जागी कुणी लावायचं हेही गावांनीच ठरवलेलं. आज १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि नोव्हेंबरमध्ये गुजरातने घोळीला. बहुमान चांगलाच आहे. घोळीला मात्र बहुमानापेक्षा विणीच्या जागा मोकळ्या हव्यात.

आणि तिथेच गाठ बसली आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये तुम्ही मंडपात उभे आहात. पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी होते. ७६ हजार कोटींच्या वरचा प्रकल्प, समुद्रात भराव, खोल केलेले मार्ग, प्रचंड जहाजं. मंडपाबाहेर किनाऱ्यावरच्या गावांनी किती तरी वर्षं विरोधाचे काळे झेंडे धरले आहेत. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा आहे: या समोरच्या पाण्यात मासा वितो. तीन वर्षांपूर्वी १५७ घोळींचं जाळं भरलं ते याच पाण्यासमोर.

मासा विण्याची जागा समुद्रात, आणि वाढण्याची जागा खाड्यांत. म्हणून हा विषय मुरबे आणि वाढवणपुरता नाही, भिवंडी-कल्याणचाही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल जबाबदार संस्थांना दंड ठोठावला. १६५८ च्या होडीतून तुम्ही जी तिवरं पाहिली, त्यांच्या मुळाशी आज कापड रंगवल्याचं आणि गटाराचं पाणी येतं. टेमघरला आपण नदीचं पाणी निवळून पितो आणि खाली खाडीत न निवळलेलं सोडून देतो. आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी जे तंत्र हाताशी आहे ते सांडपाण्यासाठी वापरायला काहीच अडचण नाही, खर्च करायची तयारी हवी.

उरलेलं काम तुमच्या हातात आहे. बाजारात घोळीचं पिल्लू, वीतभर-हातभर लांबीचं, स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशींना सांगा. जून-जुलैत समुद्रातला ताजा मासा मागू नका. मच्छीमार सोसायट्यांनी घोळीच्या थव्याच्या जागा आणि महिने आपसांत ठरवून, दोन हंगाम तरी तिथे जाळं न टाकण्याचा ठराव करावा, आणि सरकारने त्या दोन हंगामांची भरपाई त्यांना द्यावी. किनाऱ्यावरची गावं हे मागतील तेव्हा भिवंडी, कल्याण आणि ठाण्याच्या लोकांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं.